‘कोल्ड’चा फुलफॉर्म आणि काकांचा पंप

परवा सकाळी काकूंचा फोन. काका दूध घेऊन वर यायला निघाले ते जिन्यातच बसलेत, बोलता येईना, लगेच ये. गेलो तर काका धापा टाकतायत, आणि श्वासाचा पंप, म्हणजे इनहेलर, कुठाय विचारलं तर काकूंनी तो कडक भाकरीच्या डब्यामागून काढून दिला, तीन आठवडे हात लावला नव्हता म्हणे. पंप घेतल्यावर जरा श्वास बसला तसा मी विचारलं, काका, का बंद केला? तर मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणतात, "अरे साधी सर्दी आहे ती. कोल्डचा फुलफॉर्मच तो आहे, हे बघ की."

बघितलं. तोच फॉरवर्ड, तुम्हालाही चार ग्रुपवर आलाच असणार. "९९% लोकांना माहीत नाही! रोजच्या इंग्रजी शब्दांचे खरे अर्थ." न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, टी म्हणजे टेस्ट अँड एनर्जी ॲडमिटेड, जोक म्हणजे जॉय ऑफ किड्स एंटरटेनमेंट, आणि मधेच कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. खाली हात जोडलेले इमोजी आणि "मुलांना नक्की पाठवा".

आता काका तीस वर्षं लूमवर होते. टॉवेलच्या खात्यात, कापसाची धूळ नाकातोंडात, वर बिडी. डॉक्टरांच्या फाईलवर आजाराचं पूर्ण नाव लिहिलंय, क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मोनरी डिसीज. त्यातले क्रॉनिक, ऑब्स्ट्रक्टिव्ह आणि डिसीज हे तीन शब्द फॉरवर्डमधल्या चारांशी जुळले आणि काकांनी निकाल लावून टाकला की डॉक्टर सर्दीलाच मोठं नाव देऊन पैसे काढतोय. मग सुंठीचा काढा, निलगिरीची वाफ, पंप डब्यामागं.

म्हणून आधी कोल्डचंच बघू. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज हे नाव खोटं नाही, मान्य. डॉक्टर लोक वापरतात, हल्ली जास्त करून सीओपीडी म्हणतात, म्हणजे काकांच्या फाईलवरचं नाव, दोन्ही एकच. पण हे नाव विसाव्या शतकातलं आणि कोल्ड हा शब्द हजार वर्षांपेक्षा जुना, इंग्रजी भाषा पाळण्यात होती तेव्हापासूनचा. त्याचा अर्थ थंड, बस. जर्मनमधला काल्ट त्याचा सख्खा भाऊ, आणि लॅटिनमधला गोठण्याचा जो शब्द आहे, ज्यातून जेली आली, तो लांबचा नातेवाईक. सर्दीला कोल्ड का म्हणायला लागले? गारठ्यात गेल्यावर होते तसं नाक गळतं म्हणून, आपल्याकडंही सर्द म्हणजे थंडच की, फारसीतनं आलेला. दोन्हीकडं एकच विचार. त्यात फुफ्फुस कुठं आलं? सर्दी विषाणूंनी होते आणि आठ-दहा दिवसांत जाते. काकांचा आजार श्वासनळ्या अरुंद होण्याचा, तो जात नाही, औषधानं ताब्यात ठेवायचा असतो आणि पंप मनानं बंद करायचा नसतो. चार अक्षरं जुळली म्हणून आजार जुळत नाही हो.

त्याच दिवशी काकांची नात, सातवीतली, तिची वही दाखवायला आली. कॉम्प्युटर म्हणजे कॉमनली ऑपरेटेड मशीन पर्पजली युज्ड फॉर टेक्नॉलॉजिकल अँड एज्युकेशनल रिसर्च. खाली लाल शाईत बरोबरची खूण. म्हणजे हे मोबाईलपुरतं नाही, शिकवतायत पण. बरं मग मला सांगा, राधानाथ सिकदार १८३१ साली सर्व्हे खात्यात नोकरीला लागले, पद काय तर कॉम्प्युटर. ते काय मशीन होते का? बंगाली गृहस्थ, गणितात हुशार, मोजणीचे आकडे घेऊन बसायचे आणि हातानं हिशोब करायचे. पुढं चीफ कॉम्प्युटर झाले, १८५२ च्या सुमारास हिमालयातलं पंधरा नंबरचं शिखर जगात सगळ्यात उंच आहे हे त्यांच्याच हिशोबातनं निघालं, ज्याला पुढं एव्हरेस्ट नाव दिलं. कॉम्प्युटर म्हणजे हिशोब करणारा माणूस. इंग्रजीत तो शब्द १६१३ पासून छापील सापडतो, मुळात लॅटिनमधला, मोजणं या अर्थाचा. मशीन नंतर आलं आणि माणसाचं नाव घेऊन बसलं. नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "पण परीक्षेत कुठलं लिहू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बाकीचे पटपट. न्यूज म्हणजे नवीनचं अनेकवचन, नव्या गोष्टी. न्यू आणि आपला नव एकाच घरातले, दिशांचा काही संबंध नाही. टी हा चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचा ते, तिथनं डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला, आणि त्याच शब्दाचा चीनमधला दुसरा उच्चार चा, तो आपल्या कपात. पेन म्हणजे लॅटिनमध्ये पीस, कारण पिसानंच लिहायचे. डेटला "डे अँड टाइम इव्होल्यूशन" लिहिलंय, इव्होल्यूशन कशाचं ते लिहिणाऱ्यालाच माहीत. रोमन लोक पत्रावर "अमुक दिवशी दिलं" असं लिहायचे, त्या "दिलं"साठीचा लॅटिन शब्द दाता, त्याचा डेट झाला. संस्कृतातला दत्त म्हणजे दिलेला, तो ह्याच दाताचा नातेवाईक. केवढी गंमत आहे यात, आणि ती सोडून लोक कसली अक्षरं जोडत बसतात.

चेसबाबत थोडं नमतं घ्यावं लागतंय. चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स असं लिहिलंय. रथ, घोडे, हत्ती, पायदळ हे चतुरंगाचे चार भाग खरेच आहेत आणि खेळ आपल्याकडनंच गेला, त्यामुळं लिहिणाऱ्याला निम्मं काहीतरी माहीत होतं. पण शब्द त्यातनं आलेला नाही. तो आला फारसी शाह वरनं, म्हणजे राजा, फिरत फिरत फ्रेंचमधनं इंग्रजीत. आपण शह देतो तो हाच शाह, आणि चेकमेट म्हणजे शाह मात, आपली मात. शेजारी मराठीत उत्तर पडलेलं असताना इंग्रजीत अक्षरं शोधायची. आणि हो, चेसमधला दुसरा एस कुठं गेला? त्याचा हिशोब कुणीच देत नाही.

ओके म्हणजे "ऑब्जेक्शन किल्ड" म्हणे. ओके खरंच अक्षरांपासून झालाय, पण वेगळ्याच. ॲलन वॉकर रीड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं जुन्या वर्तमानपत्रांच्या फाईली उपसून १९६३-६४ मध्ये अमेरिकन स्पीच या नियतकालिकात लेख लिहिले आणि पुराव्यानिशी दाखवलं की २३ मार्च १८३९ ला बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापलंय, ऑल करेक्टचं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग, ओल कोरेक्ट, त्याचे ओ आणि के. तेव्हा तिकडं अशी चुकीची स्पेलिंग करायची टूम होती. शब्दाचं मूळ असं शोधतात, तारीख आणि पान दाखवून. रडार, लेझर हेही खरे अक्षरजोड शब्द, पण ते सगळे विसाव्या शतकातले. त्याआधी अशा पद्धतीनं बनलेले शब्द इंग्रजीत शोधून सापडायची मारामार.

आपणही यात कमी नाही म्हणा. सोळा गावं मिळून सोलापूर, हे शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, त्यांच्या काळातल्या शिलालेखांत गावाचं नाव सोन्नलगे आहे, मोहोळ तालुक्यातल्या कामती गावच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर आहे. सोळाचा पत्ता नाही. काकांना हे सांगितलं तर त्यांना फॉरवर्डपेक्षा याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी डॉक्टरकडं नेऊन आणलं, पंप परत सुरू. परतताना रिक्षात काका गप्प होते, मग सात रस्त्याला अचानक म्हणाले, "मग टॉवेलचा फुलफॉर्म काय?" म्हटलं काका, फुलफॉर्म नाही हो. धुणं या अर्थाचा जुना जर्मन वळणाचा शब्द आहे, तो फ्रेंचमधनं इंग्रजीत गेला तर टॉवेल झाला, पोर्तुगीजांकडनं आपल्या देशात आला तर हिंदीवाल्यांचा तौलिया झाला. काका जरा वेळ विचार करत बसले. "तीस वर्षं विणला," म्हणाले, "कुणी सांगितलं नाही."