बद्द

मंगळवारी संध्याकाळी मी दही आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो असताना माझ्या वाद्याची दुरुस्ती झाली. ती मी कोणाला सांगितली नव्हती, वाद्यही बिघडलेले नव्हते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने एक पैसा घेतला नाही. त्यामुळे धड भांडताही आले नाही.

हे वाद्य म्हणजे चॅपमन स्टिक. भाच्याचा उत्साह ओसरल्यावर ते पुण्याहून आमच्या भुसावळच्या घरी आले. दहा तारांची ही लांबट पट्टी कमरेच्या पट्ट्यात आकडा अडकवून जवळजवळ उभी धरायची आणि दोन्ही हातांची बोटे पडद्यांलगत तारांवर टपटप आपटायची. छेडणे वगैरे काही नाही. एमेट चॅपमन नावाच्या अमेरिकन गिटारवादकाला १९६९मध्ये ही दोन्ही हातांनी टपकवण्याची पद्धत सापडली आणि १९७४पासून तो ही वाद्ये विकू लागला. बोट आपटताच बोलणारी तार बोट उचलल्यावर मोकळी बोलू नये, म्हणून वरच्या टोकाला तारांना टेकलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी असते. म्हणजे तारांना गप्प बसवणे ही या वाद्यात माझी विकृती नसून मूळ व्यवस्थाच आहे, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात असावे.

मी त्या व्यवस्थेत थोडी भर घातली होती. सोफा दुरुस्त करणाऱ्याकडून फोमचा तुकडा आणून घोडीलगत, म्हणजे तारा टेकतात त्या टेकूलगत, तारांखाली सरकवला, तेव्हा सुरांच्या शेपट्या तुटल्या आणि लाकडी पट्ट्यांवर टिपरी पडावी तसा कोरडा टकटकाट मिळाला. तारांमधून विणलेली कागदाची पट्टी खोलीत झकास झणझणली, पण लाउडस्पीकरमधून तिचा पत्ताच लागेना. कारण या वाद्यातले चुंबक पोलादी तारेची हालचाल तेवढी टिपते, कागदाच्या बडबडीशी त्याला देणेघेणे नसते. एका तारेला वजन यावे म्हणून चिकटमातीची गोळी लावली, तर मे महिन्यातल्या भुसावळात तिने दुपारी दोनच्या सुमाराला आकार सोडला. उरल्या विजेच्या दुकानातून आणलेल्या दातेरी क्लिपा आणि मुलींचे केस बांधायचे रबर. हे रबर घेताना कटलरीवाल्याने माझ्या टकलाकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

तिसऱ्या संध्याकाळी खर्जाच्या एका तारेवर क्लिप सरकवत सरकवत घोडीपासून चार बोटांवर आणली आणि बोट आपटले, तेव्हा देवळातली घंटा आणि पितळी परात एकदमच बोलली. केसभर इकडे सरकवली तर नुसती परात, केसभर तिकडे सरकवली तर काहीच नाही. मी श्वास रोखून घोडीपासच्या लाकडावर पांढऱ्या पेन्सिलीने बारीक खूण केली. इतर तारांच्याही खुणा केल्या. त्या आनंदात दही आणायला गेलो, हीच चूक झाली.

आमचे शेजारी आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या नोकरीची पहिली काही वर्षे गाडी थांबली की हातोडी घेऊन डब्यांची चाके वाजवत जाण्यात गेली. खणखणीत वाजले ते चाक साबूत, बद्द वाजले ते तडकलेले. ती हातोडी जमा करून त्यांना कितीतरी वर्षे झाली असतील, पण कान जमा केलेले नाहीत. बाजारात माठ घेताना अर्धी गल्ली त्यांना सोबत नेते, आणि त्यांनी टिचकी मारून नाकारलेला माठ दुकानदारसुद्धा मुकाट्याने मागे ठेवतो. अशा माणसाच्या भिंतीपलीकडे मी तीन दिवस मुद्दाम बद्द वाजवत होतो.

मी परतलो तेव्हा आप्पा माझ्या खुर्चीवर बसून फडक्याने वाद्य पुसत होते, आणि आमची सौभाग्यवती त्यांच्यासाठी चहा ओतत होती.

"या भाऊ," आप्पा म्हणाले, "तीन दिवस झाले आयकून राहिलो. मशीन बद्द बोलत होती तुमची. वहिनींना म्हटलं, मले पाहू तर द्या. आत पाहतो त कचराच कचरा!"

त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे केला. "क्लिपा सहा, रबर चार, फोम एक. मोजून घ्या, मागून तक्रार नको."

"आप्पा, ते मी मुद्दाम लावले होते."

"मुद्दाम? कायले?"

आता या "कायले"चे उत्तर काय द्यावे? मी सांगितले की, जॉन केज नावाच्या संगीतकाराने १९४०मध्ये सिएटलला एका नृत्याच्या संगीतासाठी पियानोच्या तारांमध्ये बोल्ट, स्क्रू आणि नमद्याचे तुकडे खुपसले होते, कारण तिथल्या रंगमंचावर तालवाद्यांचा ताफा मावत नव्हता. त्या एकट्या पियानोतून त्याने ताफ्याचे काम करून घेतले. आप्पांनी मन लावून ऐकले. मग विचारले, "मंग तो पियानो नीट कोणी केला?"

मी तंबोऱ्यावर आलो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात म्हणून तर त्याची जवारी, म्हणजे तो झणझणता नाद, खुलते. तो दोरा काय कचरा असतो? आप्पा म्हणाले, "दोऱ्यानं आवाज खुलते. तुमच्या चिमट्यानं तो मरते." हे वाक्य इतके नेमके होते की मला क्षणभर उत्तर सुचेना, आणि नेमक्या त्याच क्षणी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आता कसं गोड वाजतंय!"

शेवटचा हुकमाचा पत्ता माझ्याकडे होता. आप्पा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, आणि दर गुरुवारी बसण्यापूर्वी त्याच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक थापतात, कारण तिच्या वजनाशिवाय त्या तोंडाला खर्ज येत नाही.

"आप्पा, तुम्ही पखवाजाला कणीक लावता ती?"

"ते येगळं."

"वेगळं कसं? आवाज जड व्हावा म्हणून तुम्ही वजन लावता, मीही वजनच लावलं."

"भाऊ," आप्पांनी कप बशीत ठेवला, "कणीक लावल्यावर पखवाज बोलते. आन तुमचं हे चिमटे काढल्यावर बोललं. आता तुम्हीच सांगा, बिघाड कशात होता?"

तरीही मी हसून घेतले असते. पण वाद्य हातात घेतल्यावर दिसले की आप्पांनी लाकूड स्पिरिटने पुसून चकचकीत केले होते, आणि माझ्या सगळ्या पांढऱ्या खुणा त्या चकाकीत विरून गेल्या होत्या. तीन संध्याकाळी केसभर इकडे आणि केसभर तिकडे करून मिळवलेली ती घंटा कुठल्या चार बोटांवर होती हे आता कोण सांगणार? बोटांनी मोजली होती खरी, पण माझी चार बोटे सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी भरतात, हे त्या रात्री अकरा वाजेपर्यंत पुरते सिद्ध झाले. त्याहून वाईट म्हणजे वरच्या टोकाची मूळ नमद्याची पट्टीही जागेवर नव्हती. "ती त पार झिजेल होती, फेकली," आप्पांनी सांगितले. घंटागाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घेऊन गेली. तेव्हापासून कुठल्याही तारेवरून बोट उचलले की मोकळी तार मागाहून ओरडते आणि दहाही तारा ग्रामसभेसारख्या एकदम बोलू लागतात. घरात याला "गोड" म्हणतात.

माझी तक्रार आप्पांवर नाही. निदान फक्त आप्पांवर नाही. गेल्याच आठवड्यात आमच्या चौकात लग्नाचा डीजे रात्री उशिरापर्यंत खिडक्यांची तावदाने थरथरवत होता, तेव्हा त्यात काही सैल झाले आहे का ते पाहायला फडके घेऊन कोणी गेले नाही. मी मात्र छोटा लाउडस्पीकर अर्ध्यावर ठेवून, तारांना फोम लावून, स्वतःचा आवाज स्वतःच कापत बसलो होतो, तर दुरुस्तीला लायक मीच ठरलो. मोठ्याने वाजणारे सगळे आपोआप साबूत, असा हा न्याय दिसतो.

नमदा अखेर बाजारातल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाला. त्याने पट्टी कापून देताना विचारले, "काय वाजत नाही?" मी म्हणालो, "सगळंच वाजतंय." त्याने पैसे घेताना माझ्याकडे पाहिले नाही.

उद्या गुरुवार. बऱ्याच वर्षांनी मी भजनाला जाणार आहे आणि आप्पांनी शेजारी बसा म्हणून आग्रहही केला आहे. कणीक ओली असताना पखवाजावरून सहज सुटते म्हणतात. थापून झाल्यावर हात धुवायला ते बाहेरच्या नळापर्यंत जातात, आणि श्रीखंडाचा डबा मी धुऊन ठेवला आहे.