‘आवड असेल ती खेळेलच’ म्हणणाऱ्या सरांना

नमस्कार सर. एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही ऐसपैस देते.

आठवी-नववीत मुली मैदान का सोडतात, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की गणवेश, स्वच्छतागृह, पाळी ही शहरी रडगाणी आहेत. जिला आवड असते ती खेळतेच. दाखला दिलात ललिता बाबरचा. माण तालुक्यातलं दुष्काळी मोही गाव, आणि तिथून २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी.

ललिताबद्दल दुमत कसं असेल? पण तिच्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडू नका. मी लिहिलं होतं ते संघात नाव न लागलेल्या मुलींबद्दल. खो-खोत मैदानावर उतरतात नऊजणी. खेळाच्या शिक्षकांचं सगळं लक्ष त्या नऊ आणि राखीव यांच्यावर, कारण स्पर्धा, प्रमाणपत्रं, दहावीचे सवलतीचे गुण, सगळं तिथेच. उरलेल्या वर्गाला खेळाचा तास ‘ऑफ’. पाचवीत त्याही लंगडी, साखळी खेळत होत्याच की! म्हणजे आवड होती. पुढे ती दाखवायला त्यांना कुणी मैदानावर बोलावलंच नाही.

दुसरं, ‘दोन फेऱ्यांत धापा टाकतात, आळस नुसता.’ इथे मात्र मी भांडणार. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जातं आणि ताटातून तेवढं परत येत नाही. अशा मुलीला दम लागला की आपण तिला नाजूक ठरवून झाडाखाली बसवतो. हळूहळू तिलाही ते पटतं. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, मग आळशी म्हणा.

आणि गणवेश. कितीतरी शाळांत पीटीच्या दिवशी पांढरे कपडे असतात, खेड्यातही. डाग पडेल या धास्तीने पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. चिठ्ठीवर सही आईची, म्हणजे आईलाही ठाऊक. यात शहरी काय आहे?

मुली मोबाइलमध्ये अडकतात, हे तुमचं म्हणणं मान्य. पण तो मुलग्यांच्याही हातात असतो.

‘घरकाम हाच व्यायाम’ हे वाचून हसू आलं, रागावू नका. भांडी घासून हात दुखतात खरे. पण हाडं घट्ट व्हायला धावणं, उड्या मारणं लागतं, आणि त्यासाठी हेच वय मोलाचं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. शिवाय भाऊ मैदानावर असताना हिच्याच वाट्याला भांडी का, हा प्रश्न आहेच.

शाळेत तुमचा शब्द अजून चालत असेल. गडद ट्रॅकपँटचं तेवढं मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. आणि शनिवारी वर्गातल्या सगळ्याजणींचे चिठ्ठ्या टाकून संघ पाडा, निवड न करता. बघा, कितीजणी येतात ते. मला कळवा.