म्युऑन, कालवं आणि ‘शब्द फिरवणारे’ शास्त्रज्ञ

एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: म्युऑन नावाच्या कणाने भौतिकशास्त्राचे नियम मोडले असं शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२५ मध्ये तेच ‘मोडले नाहीत’ म्हणू लागले. कालवं विषाणूने मरतात म्हणाले, मग जीवाणूंनी मरतात म्हणाले. शिंपल्यांच्या कॅन्सरबद्दलही शब्द फिरवला, आणि आता तो संसर्गजन्य आहे म्हणतात, म्हणजे शिंपले खाणाऱ्यालाही तो होणार. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

हा शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्याआधीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र चुकीचं किंवा अर्धवट आहे.

म्युऑनपासून सुरुवात करू. हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण सुमारे २०७ पट जड. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डोलतो. निर्वात पोकळीत क्षणभर उपजून नाहीशा होणाऱ्या सगळ्या कणांचा, माहीत असलेल्या आणि नसलेल्याही, या डोलण्यावर किंचित परिणाम होतो. म्हणून डोलणं अचूक मोजलं आणि ज्ञात कणांवरून काढलेल्या गणिताशी ताडून पाहिलं, की अज्ञात काही आहे का याचा अंदाज येतो. म्हणजे इथे आकडे दोन आहेत, एक मोजलेला आणि एक गणिताने काढलेला. फिरणाऱ्या मजकुराने या दोहोंची गल्लत केली आहे.

मोजलेला आकडा, म्हणजे डोलण्यावरच्या या किंचित परिणामाचं माप, आधी बघा. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचं अंतिम उत्तर होतं ०.००११६५९२०८९. त्याच प्रयोगाचं सुमारे १५ मीटर रुंदीचं चुंबकीय कडं २०१३ मध्ये रस्त्याने आणि पाण्यातून शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेत नेलं आणि नव्याने मोजणी सुरू झाली. २०२१ चं उत्तर ०.००११६५९२०४०. जून २०२५ चं अंतिम उत्तर ०.००११६५९२०७०५. पुढची शून्यं सोडली तर पहिले सात अंक तिन्ही वेळा तेच आले. शेवटच्या अंकांतला फरक मोजणीच्या अनिश्चिततेत बसतो, आणि ती अनिश्चितता दरम्यानच्या काळात एक चतुर्थांशाहूनही कमी झाली. मोजणाऱ्यांनी शब्द फिरवला म्हणावं अशी जागाच इथे नाही.

हलला तो गणिताचा आकडा. २०२० मध्ये सिद्धांतवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तो ०.००११६५९१८१० असा दिला होता आणि २०२५ मध्ये ०.००११६५९२०३३ असा. त्याचं कारण उघड आहे. क्वार्कांचा (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचा) या डोलण्यातला वाटा काढणं महाकठीण असतं. आधी तो इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाराचा जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरींच्या मोजमापांवरून काढत, आता महासंगणकावर थेट गणित करूनही काढता येतो, आणि २०२५ चा आकडा त्यावरूनच आला. दुसऱ्या पद्धतीचं एक महत्त्वाचं उत्तर ७ एप्रिल २०२१ ला प्रसिद्ध झालं, आणि ते प्रयोगाच्या बरंच जवळ जाणारं होतं. फर्मिलॅबची घोषणाही त्याच दिवशी झाली होती! म्हणजे ‘नियम मोडले’चे मथळे छापले जात होते तेव्हाच त्यावरची शंका छापील स्वरूपात समोर होती. मथळ्यांत ती आली नाही. शिवाय त्या वेळची तफावत ४.२ सिग्मा (सिग्मा म्हणजे अनिश्चितता मोजायचं एकक) होती आणि या क्षेत्रात ५ सिग्माशिवाय शोध लागला असं म्हणत नाहीत.

२०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाने टकरींची मोजमापं पुन्हा घेतली, तर ती जुन्यांशी जुळेनात. हा पेच अजून सुटलेला नाही. मला विचाराल तर या कहाणीतली खरी बातमी हीच आहे आणि ती कुणीच पुढे पाठवत नाही.

‘हवं ते उत्तर काढतात’ हा आरोपही याच मजकुराला जोडून येतो. फर्मिलॅबमध्ये मोजणीच्या घड्याळाचा वेग मुद्दाम किंचित बदलून ठेवलेला होता. नेमका किती, हे प्रयोगाबाहेरच्या दोघांनाच माहीत होतं आणि तो आकडा पाकिटात बंद होता. विश्लेषण पूर्ण झाल्यावरच पाकीट उघडलं. तोवर आपलं उत्तर सिद्धांताशी जुळतंय की नाही, हे प्रयोगातल्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

आता कालवं. ‘आधी विषाणू, मग जीवाणू’ यात मागे घेतलेलं काहीच नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये पॅसिफिक कालवांची पिल्लं प्रचंड प्रमाणात मेली, तेव्हा कालवांच्या हर्पिस विषाणूचा एक नवा प्रकार सापडला. २०१० मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही त्याने कालवं मारली. मेलेल्या कालवांत जीवाणूही भरपूर सापडत, त्यामुळे खरा मारेकरी कोण हा वाद होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधनाने तो क्रम लावून सोडवला. रोगाला तोंड देऊ शकणारी आणि न देऊ शकणारी कालवांची घराणी शेजारी शेजारी ठेवून, लागण झाल्यापासून शरीरात काय काय घडतं ते पाहिलं. विषाणू आधी रक्तपेशींत शिरतो आणि प्रतिकारशक्ती मोडतो. मग एरवी निरुपद्रवी राहिले असते असे जीवाणू मोकाट वाढतात आणि कालव मरतं. विषाणू दार उघडतो, जीवाणू आत शिरतात. दोन्ही विधानं खरीच होती, फक्त अर्धी होती. आणि नावात हर्पिस असलं तरी हा विषाणू माणसाच्या हर्पिसच्या कुळातला नाही. तो माणसाला होत नाही.

शिंपल्यांच्या कॅन्सरबाबत मात्र मत खरोखर बदललं, हे मान्य. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मऊ कवचाच्या शिंपल्यांत रक्ताच्या कॅन्सरसारखा रोग अनेक दशकांपासून दिसत होता आणि संशय विषाणूवर होता. २०१५ मध्ये संशोधक मायकेल मेट्झगर, स्टीफन गॉफ आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरपेशींची जनुकं तपासली. दूरदूरच्या ठिकाणांहून आणलेल्या शिंपल्यांतल्या कॅन्सरपेशी एकमेकींशी जुळत होत्या, पण ज्या शिंपल्यात त्या वाढत होत्या त्याच्याशी जुळत नव्हत्या. म्हणजे विषाणू पसरत नव्हता, कॅन्सरची पेशीच एका शिंपल्यातून दुसऱ्यात जात होती. २०२३ च्या अभ्यासानुसार हा पेशीवंश २०० वर्षांहून जुना आहे. पहिला शिंपला केव्हाच मेला, त्याचा कॅन्सर अजून जिवंत आहे. पुरावा समोर आल्यावर विषाणूची कल्पना सोडली, याला मी शब्द फिरवणं म्हणणार नाही.

मग खाणाऱ्याचं काय? भीतीला एक धागा आहे, तो लपवत नाही: असा कॅन्सर एका जातीच्या शिंपल्यातून दुसऱ्या जातीच्या शिंपल्यात गेल्याचं २०१६ मध्ये दिसलं. पण त्या जाती जवळच्या नात्यातल्या होत्या. शिंपल्यातून माणसाला कॅन्सर झाल्याचं एकही उदाहरण नाही. निसर्गात एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारे कॅन्सर शिंपल्यांखेरीज कुत्रे आणि टास्मानियन डेव्हिल (ऑस्ट्रेलियातला एक मांसाहारी प्राणी) यांच्यात माहीत आहेत, आणि तेही आपापल्या गोतावळ्यातच फिरतात. शिंपल्याची पेशी आपल्या पोटात गेली तर पचते.

शिंपल्यांतून माणसाला खरा धोका आहे तो वेगळाच, आणि मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले नोरोव्हायरस आणि व्हिब्रिओ जीवाणू त्यांच्यात साठतात. कच्ची कालवं खाल्ल्याने, विशेषतः यकृताचा आजार असलेल्यांचा, व्हिब्रिओने जीवही जातो. नीट शिजवल्याने हा धोका टळतो. पण काही सूक्ष्म शेवाळांचं विष, उदाहरणार्थ सॅक्सिटॉक्सिन, शिजवूनही नष्ट होत नाही. त्यामुळे जिथले शिंपले काढायला बंदी आहे तिथले कितीही उकळले तरी खाऊ नयेत.