एसटीच्या नव्या गाड्या आणि त्या चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे

माझे वडील एसटीच्या आगारात यांत्रिक होते. गाडी शेडमध्ये आली की ते चालकाला लगेच इंजिन बंद करू देत नसत; लांब पेचकसाचे टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरत आणि बिघाड कुठे आहे ते सांगत. हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नव्हते. आधीच्या मिस्त्रींच्या हाताखाली हेल्पर म्हणून काढलेल्या वर्षांतून ते आले होते, आणि पुढे आयटीआयमधून येणाऱ्या शिकाऊ उमेदवारांच्या हाती त्यांनी ते दिले. एसटीत कौशल्य असेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आले आहे, आणि नव्या तंत्रज्ञानाची चर्चा करताना नेमकी हीच साखळी आपण विसरतो, असे मला वाटते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, धूर नाही. मात्र तिच्यात उच्च दाबाची विद्युत यंत्रणा आहे, बॅटरी आहे, आणि बिघाड शोधायचा तर संगणक जोडून संकेतांक वाचावा लागतो. हे काम शिकलेला यांत्रिक आगारात तयार व्हायचा कसा? या गाड्या भाडेतत्त्वावर येतात, तेव्हा चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते आणि वाहक तेवढा महामंडळाचा असतो. एकदम मोठे भांडवल घालावे लागत नाही, हा या पद्धतीचा फायदा मला मान्य आहे. पण कराराची मुदत संपेल, तेव्हा आपल्या यांत्रिकाने त्या गाडीचे झाकणसुद्धा उघडलेले नसेल. ज्या महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत स्वतःच्या गाड्यांच्या बॉडी बांधल्या, त्याने देखभालीचे ज्ञान असे बाहेर ठेवू नये. प्रत्येक करारात आगारातील ठरावीक यांत्रिकांना कंत्राटदाराच्या माणसांबरोबर काम करून शिकण्याची अट असायलाच हवी.

वाहकाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, कारण तेथे यंत्र थेट कर्मचाऱ्याच्या हातात आले. तिकिटांचा ट्रे आणि पंच जाऊन मशीन आले, आता त्यावर यूपीआयने पैसेही घेता येतात आणि सुट्ट्या पैशांचे भांडण बरेच कमी झाले. यावरून वाहकाचे काम हलके झाले, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास मिळतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. मोफत प्रवाशालाही शून्य रकमेचे तिकीट द्यावेच लागते, कारण सवलतीची रक्कम शासनाकडून मिळते ती त्याच नोंदीच्या आधारे. सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेची, दारापर्यंत भरलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. वाहकाला एका हाताने वरचा दांडा धरायचा आहे, आजोबांनी पिशवीतून काढलेल्या आधार कार्डावरचे जन्मसाल वाचायचे आहे, पास तपासायचे आहेत आणि पुढचा टप्पा येण्याआधी तिकिटे पुरी करायची आहेत. तिकीट छापायला लागणारा वेळ कमी झाला, पण प्रवासी वाढले आणि तिकिटांचे प्रकारही वाढले. तेव्हा ‘मशीन आहे, मग एवढी माणसे कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी अशा एका फेरीत उभे राहून प्रवास करावा.

खरे तर याच मशीनमध्ये नियोजनाचा मोठा खजिना पडून आहे. कोणत्या टप्प्यावर किती प्रवासी चढले आणि कुठपर्यंत गेले, याची प्रत्येक फेरीची नोंद तेथे होते. ती केवळ उत्पन्नाच्या हिशेबापुरती न वापरता फेऱ्यांच्या वेळा आणि ड्यूट्या ठरवण्यासाठी वापरली, तर संगणक माणसाच्या उपयोगी पडला असे म्हणता येईल. कायद्यानुसार कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास आहे. मुक्कामी गाडी घेऊन गेलेला चालक गावात रात्री उशिरा टेकतो आणि पहाटे पुन्हा चाकावर बसतो. त्याची विश्रांती, लागोपाठच्या ड्यूट्या आणि रजा यांचा मेळ घालणे हे संगणकाचे काम आहे, आणि ड्यूटी कोणाला का लागली हे प्रत्येकाला पडद्यावर दिसले, तर आगारातील कुरबुरीही कमी होतील. विजेच्या गाडीचा चार्जिंगचा वेळही त्याच वेळापत्रकात धरावा लागेल.

भरतीविषयी मला फार लिहायचे नाही, कारण ती बाब सरळ आहे. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकावरून पहिल्या दिवसापासून कळते. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या आगारातून किती चालक, वाहक आणि यांत्रिक बाहेर पडणार, हे आज सांगता येते. अवजड वाहनाचा परवाना, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांत चालक तयार व्हायला जो वेळ जातो, तो धरून जाहिरात आधी निघाली पाहिजे. गाड्या चालकांवाचून उभ्या राहिल्यावर नव्हे. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात गाड्यांत कोणताही बिघाड नव्हता, तरी गावोगावची एसटी बंद होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, यापुढे गाडी, मशीन किंवा संगणकप्रणाली यांची जी निविदा निघेल, तिच्यासोबत मनुष्यबळाचे एक पान जोडलेले असावे. कोणत्या पदावरच्या किती जणांचे काम बदलणार, त्यांना भोसरीच्या प्रशिक्षण संस्थेत किती दिवस पाठवणार आणि त्या दिवसांत त्यांच्या ड्यूट्या कोण करणार, एवढे त्यावर लिहिलेले असावे, आणि ते पान आगाराच्या सूचना फलकावर सर्वांना वाचायला मिळावे.