चूक काकाजींची नाही!

काल तिसऱ्यांदा तेच! काकाजींसोबत धुऱ्यावर उभा राहून पिकाच्या नुकसानीचा फॉर्म मोबाईलवर भरत होतो. गट नंबर, खाते नंबर, पेऱ्याची तारीख, सगळं टाकलं. फोटो काढला, रेंज गेली आणि फॉर्म कोरा. अरे, भरलेलं जपून ठेवायला काय जातं?

बटण तर ज्वारीच्या दाण्याएवढं, फिकट राखाडी, उन्हात दिसतच नाही. त्याला खेटून 'रद्द करा'. काकाजींची बोटं कापूस वेचून वेचून बोंडांनी ओरखडलेली, जाड झालेली. लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका ते गाठायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सनं १९५४ सालीच दाखवलं होतं! दुसरा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये सांगितलं, की माणूस एका वेळी सातेक गोष्टीच ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी तर तो आकडा चारेकावर आणला. आणि इथं एका पानावरचा बारा आकडी नंबर दुसऱ्या पानावर आठवून टाका म्हणे!

सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? काकाजी हळूच म्हणाले, "माह्याच हातून चुकलं असन रे बाप्पा."

नाही काकाजी. तुमचं काहीच चुकलं नाही.