दोन हजार आले नाहीत म्हणजे नाव कापलं, असं नाही

केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता शेतकऱ्यांच्या खात्यात पडला की दुसऱ्या दिवशी गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो. ज्यांना पैसे आले नाहीत त्यांची नावं तलाठ्याने कापली, मागचे हप्ते बुडाले, आता नव्याने नोंदणी करा, आणि नवरा-बायको दोघांचे सातबारे वेगळे असतील तर दोघांनीही करा. यातलं एकही खरं नाही. शेवटचं तर अंगाशी येणारं आहे.

'नाव कापलं.' बहुतेकांचं नाव जागेवरच असतं, पैसे अडलेले असतात. कुठे अडले ते पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाकून दिसतं. तिथल्या तीन ओळी पाहायच्या: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार-बँक सीडिंग (खातं आधारला जोडणं). जिथे 'नो' आहे, तेवढंच काम करायचं.

ई-केवायसी सोपी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर घरबसल्या, फुकट होते. नसेल तर सीएससी (सामायिक सुविधा) केंद्रावर अंगठा.

खरा घोळ बँकेच्या ओळीत होतो. शाखेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला, जोडलं गेलं असं नाही. पैसे जातात ते एनपीसीआय या देशभरच्या पेमेंट संस्थेच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक आहे तिथे. अशी बँक एका वेळी एकच असते आणि शेवटी जोडलेली धरली जाते. २०२४ मध्ये राज्याच्या लाडकी बहीण योजनेसाठी अनेक बायकांनी नवी खाती उघडली. त्यातल्या कुणाच्या नावे पीएम किसान असेल तर तो हप्ताही नव्या खात्यात पडतो, आणि घरचे जुनं पासबुक भरून आणून 'आला नाही' म्हणतात. आधारच्या 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' की 'इनअ‍ॅक्टिव्ह' ते तिथे दिसतं. इनअ‍ॅक्टिव्ह असेल तर शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि 'डीबीटीसाठी' हे आवर्जून सांगा. काउंटरवरच्या 'लिंक आहे की!' या उत्तरावर घरी जाऊ नका. चार-पाच दिवसांनी स्वतः पुन्हा बघा.

लँड सीडिंग 'नो' असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा. यात एक गाळणी आहे: जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी. नंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसाने आलेली चालते. त्यामुळे वारसाचा फेरफार सोबत ठेवा.

'मागचे हप्ते बुडाले.' योजनेच्या नियमातच उलट लिहिलं आहे: अपात्रता सोडून अन्य कारणाने अडलेले देय हप्ते, अडचण दूर झाल्यावर मिळतात.

'नव्याने नोंदणी करा.' जुनी नोंद असताना तोच आधार क्रमांक पुन्हा घेतला जात नाही. केंद्रावर दिलेले पैसे मात्र जातात. राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेसाठीही वेगळा अर्ज नाही, ती यादी पीएम किसानवरूनच घेतात.

'दोघांनीही करा.' या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं, आणि हप्ता कुटुंबाला एकच. सातबारे दोन असले तरी. सज्ञान मुलगा आणि त्याच्या नावावर अटीत बसणारी जमीन असेल तर तो वेगळा धरला जातो. प्राप्तिकर भरणारे आणि महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारेही बाद (पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणीवाले वगळलेले). अशांनी उचललेले पैसे वसूल होतात, महाराष्ट्रात तहसीलमधून तशा नोटिसा निघाल्या आहेत. चुकून दोघांच्या खात्यात आले असतील तर संकेतस्थळावर रक्कम परत भरायची सोय आहे. भरल्याची पावती जपून ठेवा. नोटीस मागाहून आली तर तीच दाखवावी लागते.