कॅथलॅब आहे म्हणून हार्ट फेल्युअरची सोय झाली, असं नाही

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'आपल्याकडे कॅथलॅब, आयसीयू, कार्डिओलॉजिस्ट सगळं आहे. हार्ट फेल्युअर युनिट म्हणजे बिल वाढवायचा धंदा. डिस्चार्ज झाला की झालं.' तो वाचून कुणी फॉलोअप सोडू नये, म्हणून हे उत्तर. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पंप करू न शकणं, आणि त्याचं युनिट म्हणजे अशा रुग्णांवर भरती असताना आणि डिस्चार्जनंतरही लक्ष ठेवणारी डॉक्टर-नर्सची टीम.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज उघडतं. पण हृदयाचा स्नायूच कमजोर झाला असेल, तर स्टेंट टाकल्यावरही दम लागतो, पाय सुजतात.

आयसीयूचं म्हणाल, तर तिथं यंत्रांइतकीच शिकलेली माणसं लागतात. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं फुरोसेमाईड शिरेतून दिल्यावर पहिल्या सहा तासांत लघवी ताशी 100 ते 150 मिलीच्या खाली राहिली, तर डोस सहसा दुप्पट करतात. रात्रपाळीला हे मोजून डॉक्टरांना कळवणारी नर्स नसेल, तर सकाळच्या राउंडपर्यंत छातीतलं पाणी तसंच राहतं.

'डिस्चार्ज झाला की झालं' हा मेसेजमधला सर्वांत घातक भाग. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला चार गटांची औषधं लागतात: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी. यांतल्या काहींचे डोस हळूहळू वाढवावे लागतात, आणि दर वेळी बीपी, नाडी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम बघावं लागतं. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर स्पायरोनोलॅक्टोन निम्मं, 6 च्या वर तर बंद. 2022 च्या 'स्ट्राँग-एचएफ' चाचणीत डिस्चार्जनंतर 1, 2, 3 आणि 6 आठवड्यांनी तपासून डोस भराभर वाढवले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरतीचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात 23.3 टक्के होतं, या गटात 15.2 टक्के. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत हे जमत नाही. डॉक्टर कितीही हुशार असोत.

बिलाचं उत्तर यातच आहे. पुन्हा आयसीयूत जाण्यापेक्षा रक्ततपासणी स्वस्तच.

मात्र दारावर पाटी लावली म्हणजे युनिट होत नाही. वॉर्डात माणूस कमी पडला की पहिली उचलली जाते ती हार्ट फेल्युअरची नर्स, आणि फोन उचलायला कुणी उरत नाही. म्हणून भरती असतानाच विचारा: पहिली तपासणी दोन आठवड्यांच्या आत मिळेल का? तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर कुणाला फोन करायचा? ती नर्स सुट्टीवर असेल तेव्हा कोण असतं? सुकट, पापड, लोणचं किती चालेल, गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक का घ्यायचं नाही, हे समजावणारं कुणी आहे का?